परतीची वेळ आधी ठरवा: गोव्यातून पहिल्यांदा खुल्या दर्यात जाताना

मांडवीत फिरणं वेगळं आणि दर्यात जाणं वेगळं. संध्याकाळी पणजीहून सुटणाऱ्या बोटीत तासभर गाणी ऐकून आलेला माणूस घरी सांगतो, "समुद्रात जाऊन आलो." ती बोट बहुतेक वेळा नदीच्या मुखाच्या आतच वळते. उजवीकडे आग्वादचा किल्ला मागे पडतो, डावीकडे काबोचं पांढरं चर्च दिसू लागतं, आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, संथपणे वर उचलली जाऊन तितक्याच संथपणे खाली बसते. दर्या तिथून सुरू होतो.

फोंडा, डिचोली, साखळीकडची आपली कितीतरी माणसं किनाऱ्यापासून तासाभरावर जन्मभर राहतात, पण किनारा समुद्रातून कसा दिसतो हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. मीही वयाच्या तिशीपर्यंत त्यांच्यातलाच होतो. गरीने मासे पकडायला नेणाऱ्या एका परवानाधारक होडीतून पहिल्यांदा बाहेर गेलो, आणि त्यानंतर जमेल तसा जात राहिलो. या खेपांमधून आणि माझ्याहून फार जास्त जाणणाऱ्या तांडेलांकडून, म्हणजे होडी हाकणाऱ्या मुख्य खलाशांकडून, जे शिकलो, ते नवख्यांसाठी इथे लिहितो आहे.

धोका कुठे असतो

नवख्याला भीती वाटते ती अथांग पाण्याची. किनारा दिसेनासा झाला तर काय, खोली किती असेल, ही धास्ती असते. खरं तर चांगल्या हवामानात, धड होडीत, चार-पाच किलोमीटर बाहेरचं पाणी बरंच शांत असतं. जपायचं ते किनाऱ्याजवळ आणि नदीच्या मुखाशी, जिथे लाट फुटते. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा जीव गेला. ती बोट किनाऱ्यापासून जेमतेम साठ मीटरवर होती.

मुखाशी काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

मांडवीच्या तोंडाशी आग्वादजवळ वाळूचा उथळ पट्टा आहे. खलाशी त्याला 'बार' म्हणतात. शापोरा, साळ, तळपण या नद्यांच्या मुखांशीही कमी-अधिक प्रमाणात हीच गोष्ट आहे. खोल पाण्यातून येणारी लांबट लाट उथळ जागी आली की तिचा तळ अडतो, ती उंच होते आणि मोडते. पावसाळ्यात आग्वादचा बार इतका खवळतो की खनिज वाहणाऱ्या बार्ज तो टाळून कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत उतरत आणि तिथून मुरगाव बंदर गाठत.

आता यात ओहोटी मिसळा, जिला आपल्याकडे सुकती म्हणतात. सुकतीला नदीचं पाणी जोराने बाहेर धावतं आणि समोरून समुद्राच्या लाटा आत येत असतात. दोन्ही एकमेकांवर आल्या की लाटांमधलं अंतर कमी होतं आणि त्या भिंतीसारख्या उभ्या राहतात. त्याच जागी, तितक्याच वाऱ्यात, भरतीच्या वेळी मात्र पाणी आणि लाटा एकाच दिशेने आत जात असतात, त्यामुळे लाटा पसरट राहतात. तासाचा फरक पडला तर एकच बार दोन वेगळ्या स्वभावांचा दिसतो.

म्हणून दर्यात जायची आखणी परतीपासून उलटी करायची. किती वाजता निघायचं हा दुसरा प्रश्न. बारवरून आत यायच्या वेळी पाणी भरत असेल की सुकत असेल, हा पहिला.

तिथीचा हिशेब

दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते. नेमक्या वेळा मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात, फोनवरही मिळतात. तक्ता बघाच. पण कोकणातला जुना हिशेबही शिकून ठेवा, कारण त्याने महिनाभराचं चित्र डोळ्यांपुढे येतं. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या आसपास. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीकडे जास्त चपखल बसतो. आपल्याकडे भरती त्याच्या थोडी आधी येते, म्हणून तेवढा वेळ वजा धरायचा.

समजा दशमी आहे. दहा पाऊणे साडेसात. आपल्याकडे सकाळी सातच्या सुमारास भरती पूर्ण. काठोकाठ पाण्यावर होडी अलगद बाहेर पडेल, आणि सगळ्यांना वाटेल की किती छान मुहूर्त साधला. पण एक वाजता तुम्ही परत याल तेव्हा पाणी सुकून तळाला गेलेलं असेल, बारवर पाणी सर्वांत कमी असेल आणि समुद्रावरचा दुपारचा वारा सुटलेला असेल. माझी पहिली खेप नेमकी अशीच झाली, फेब्रुवारीत. जाताना काही कळलंच नाही. येताना मागून आलेल्या लाटेने होडी उचलली आणि पुढे ढकलत नेली. काही क्षण सुकाणूचा उपयोग होईनासा झाला होता. नाव आडवी होऊ दिली नाही ती तांडेलाच्या हातांनी. आम्ही सहाजण नुसते कठडा धरून बसलो होतो. किनाऱ्याला लागल्यावर तो एवढंच म्हणाला, "दोन तास आधी फिरायला हवं होतं."

आता पौर्णिमा किंवा अमावास्या घ्या. भरती सकाळी अकराच्या सुमारास पूर्ण होते. सहा-सातला निघालात तर पाणी नुकतंच भरायला लागलेलं असतं, आणि साडेदहाला परत फिरलात तर चढत्या पाण्यावर, वारा वाढायच्या आत घरी. प्रतिपदा ते तृतीया हे दिवसही सकाळच्या खेपेला सोयीचे. एक मात्र लक्षात ठेवा. या दिवसांत उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि तितक्याच जोराने सुकतं, त्यामुळे उशीर झाला तर त्याची किंमतही मोठी असते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते, ओढ कमी असते.

कोणत्या महिन्यात

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कायद्याने १ ऑगस्टला दर्या मोकळा होतो, पण आपल्याकडची जाणती माणसं नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकत नाहीत. नवख्याने त्याहूनही थांबावं. सप्टेंबर संपेपर्यंत दक्षिण-पश्चिमेकडून येणाऱ्या लाटांचा जोर असतो. पावसाळी दर्या काय करू शकतो हे पाहायचं असेल तर 'रिव्हर प्रिन्सेस' आठवा. ते प्रचंड जहाज जून २००० मध्ये कांदोळी-शिकेरीच्या वाळूत येऊन रुतलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच पडून राहिलं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दिसायला देखणे असतात, पण अरबी समुद्रातली वादळं याच काळात येतात. नोव्हेंबर २००९ मधलं फयान कोकणातल्या कित्येक मच्छीमार घरांना अजून आठवतं. दुसरा धोक्याचा काळ मे महिना. तौक्ते मे २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. पहिल्या खेपेसाठी माझं मत विचाराल तर डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. पहाटे जमिनीवरून मतलई वारा वाहतो, हलका आणि कोरडा, त्यामुळे किनाऱ्याजवळचं पाणी सपाट असतं. अकरा-बाराच्या सुमारास वारा उलटतो, खारे वारे सुरू होतात आणि तीन-चार वाजेपर्यंत वाढतच जातात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये दुपारचा हा वायव्येचा वारा चांगलाच बोचरा असतो.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट घडते. वारा नसतो, आभाळ निरभ्र असतं, आणि तरी अचानक मोठ्या लाटा किनाऱ्यावर चढतात. दूर दक्षिणेत, हिंदी महासागराच्या पार खालच्या टोकाला झालेल्या वादळांनी उठवलेल्या त्या लाटा दिवसेंदिवस प्रवास करून येतात. मल्याळी मच्छीमार याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. अशी लाट खुल्या पाण्यात जाणवतसुद्धा नाही. बारवर आली की कळते.

म्हणून अंदाज बघताना लाटेची उंची आणि दोन लाटांमधला वेळ, दोन्ही बघा. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज देते आणि अशा लाटांचे इशारेही देते. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वेगळा असतो, तोही वाचा. माझा नियम साधा आहे. लाट एक मीटरहून जास्त सांगितली असेल किंवा वारा ताशी १८-२० किलोमीटरच्या वर असेल, तर नवख्याला घेऊन जायचं नाही. उंची कमी पण लाटांमधलं अंतर चौदा-पंधरा सेकंदांहून जास्त असेल, तर बार कसा आहे ते तांडेलाला विचारल्याशिवाय निघायचं नाही. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर विषयच संपला.

होडी आणि तांडेल

मासेमारीच्या होडीत पैसे देऊन प्रवासी म्हणून जाऊ नका. ओळखीचा माणूस कितीही प्रेमाने बोलावू दे. त्या नौकांना प्रवासी नेण्याची परवानगी नसते आणि काही घडलं तर विम्याचा आधारही राहत नाही. प्रवासी नौकांची नोंदणी आणि परवाने पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे असतात. परवान्यात तीन गोष्टी बघायच्या: किती माणसांची मुभा आहे, कुठपर्यंत जायची मुभा आहे (नदीपुरती की समुद्रातही), आणि मुदत कधी संपते. कागद मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. मागा. चांगला मालक रागावत नाही, उलट तुम्ही विचारलंत याचं त्याला बरं वाटतं.

मग होडीकडे बघा. जीवरक्षक जाकिटं माणसागणिक आहेत का आणि ती हाताशी आहेत की कुठेतरी फळीखाली कोंबलेली? मुलांच्या मापाचं जाकीट वेगळं लागतं. मोठ्याचं जाकीट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटतं. नांगर आणि पुरेसा दोर आहे का? इंजिन बंद पडलं तर होडीला लाटांकडे तोंड करून धरून ठेवणारा तोच असतो. व्हीएचएफ रेडिओ आहे का? चॅनेल १६ वर संकटाची हाक ऐकली जाते. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाईलची रेंज जाते, तेव्हा हा रेडिओच उरतो.

तांडेलाला एकच प्रश्न विचारा: "परत कधी फिरायचं?" जो वेळ सांगतो आणि त्याचं कारण सांगतो, त्याच्या होडीत बसा. "तुम्ही म्हणाल तेव्हा" असं सांगणाऱ्याच्या होडीत बसू नका.

आदली रात्र आणि पोट

'बोट लागणं' हा शब्द आपल्या भाषेत कोकणच्या बोटींच्या जमान्यापासून आहे, त्यामुळे त्यात लाजण्यासारखं काही नाही. कसलेल्या खलाशांनाही पावसाळ्यानंतरच्या पहिल्या खेपेला लागते. कानातला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो की आपण हलतो आहोत, डोळे होडीतल्या स्थिर वस्तूंकडे बघून म्हणतात की हलत नाही. या भांडणातून मळमळ सुरू होते. म्हणून डोळे क्षितिजावर ठेवायचे. फोनमध्ये मान घालून बसलेला माणूस सर्वांत आधी आडवा होतो, हे मी दर खेपेला बघतो.

आदल्या रात्री हलकं जेवा आणि नीट झोपा. दारू अजिबात नको, ना आदल्या रात्री, ना होडीत. सकाळी उपाशीपोटी जाऊ नका आणि तळलेल्या पुऱ्या खाऊनही जाऊ नका. पेज, कोरडा उंडो (गोव्याचा पाव), केळं यातलं काहीतरी पुरतं. आल्याची वडी खिशात ठेवा. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या बऱ्याच आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी झोप येते हेही ध्यानात असू द्या.

छोट्या होडीत बसायची जागा मध्यापासून थोडी मागे. नाळेकडे आपटणं जास्त आणि अगदी मागे डिझेलचा वास.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही आणि सांगायला हवी. छोट्या होडीत शौचालय नसतं. त्या काळजीने बायका आदल्या रात्रीपासून पाणी पिणं सोडतात आणि उन्हात चक्कर येऊन पडतात. खेप तीन-चार तासांची ठेवा, आडोशाची काही सोय आहे का हे निघण्याआधी मालकाला स्पष्ट विचारा, आणि पाणी प्या. माणशी दोन लिटर न्याच.

बाकी सामान थोडकं. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, बांधता येईल अशी टोपी, सुके कपडे, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवलात तर रेंज नसतानाही तुम्ही कुठे आहात ते कळतं.

आणि घरच्या कुणाला तरी एक चिठ्ठी द्या. त्यात होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, किती माणसं, कुठून निघणार, कोणत्या बाजूला जाणार आणि किती वाजेपर्यंत परत येणार हे लिहा. त्या वेळेनंतर तासभर वाट बघून फोन लागला नाही, तर त्याने तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर किंवा ११२ वर कळवायचं, असं ठरवून टाका.

बाहेर पडल्यावर

जाकीट धक्क्यावरच घाला आणि परत धक्क्याला लागेपर्यंत काढू नका. नदीत बेतीची फेरीबोट आडवी जाते, तिला आणि मोठ्या जहाजांना वाट द्यायची. मुरगावकडे जाणाऱ्या जहाजाला पटकन थांबता येत नाही, वळताही येत नाही. बारवर पोचलात की सगळ्यांनी खाली बसायचं, फोटो नंतर. तांडेल थोडा थांबून लाटा बघेल. लाटा टोळीने येतात, काही मोठ्या, मग थोडी उसंत. त्या उसंतीची तो वाट बघतो. अशा वेळी त्याच्याशी बोलू नका.

पलीकडे गेल्यावर पाण्याचा रंग मातकट हिरव्याचा निळसर होतो. आता मागे वळून बघा. गोवा समुद्रातून बुटका आणि हिरवा दिसतो, माडांची एक रेघ आणि तिच्यामागे धूसर सह्याद्री. याच वेळी खुणा जुळवायला शिका. जवळची एक खूण आणि तिच्या मागची दूरची दुसरी, दोन्ही एकाच रेषेत दिसल्या की तुम्ही त्या रेषेवर आहात. आग्वादचा दीपस्तंभ यासाठी चांगला. बाजूला दुसऱ्या दिशेची अशीच जोडी धरली की दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही. जुने मच्छीमार आपली मासळीची ठिकाणं अशीच लक्षात ठेवत आले. मार्चनंतर दुपारी हवा धुरकट होते आणि या खुणा पुसल्या जातात, हेही लवकर परतायचं एक कारण.

होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून दोनेक मीटरवर असतील तर क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं तर शंभर-दोनशे मीटरवरसुद्धा लाटांमध्ये हरवतं. होडी सात नॉटने चालली असेल तर एका मिनिटात ती दोनशे मीटरहून जास्त पुढे जाते. म्हणून कुणी पडलंच, तर एकाने फक्त एकच काम करायचं: त्याच्याकडे बोट रोखून धरायचं आणि नजर हलवायची नाही. दुसऱ्याने ओरडून तांडेलाला सांगायचं, तिसऱ्याने तरंगणारी वस्तू फेकायची. मागोमाग कुणीही उडी मारायची नाही. होडीच उलटली तर तिला धरून राहायचं. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघालेली माणसं दमतात, आणि शोधणाऱ्याला उलटी होडी दिसते, एकटं डोकं दिसत नाही.

पाण्यावर बोयऱ्यांची, म्हणजे जाळ्याच्या तरंगत्या खुणांची, रांग किंवा काठीला बांधलेली निशाणी दिसली तर खाली कुणाचं तरी जाळं आहे. लांबून वळसा घ्या. आपल्या किनाऱ्याजवळ डॉल्फिन हमखास दिसतात. त्यांच्या मागे होडी पळवायला तांडेलाला भरीस पाडू नका. इंजिन मंद ठेवून थांबलात तर ते आपणहून जवळ येतात, आणि पाठीचा तो उंचवटा तेव्हाच नीट बघायला मिळतो.

ठरलेली वेळ झाली की फिरायचं. मासे नुकतेच लागायला लागले असतील, कुणीतरी म्हणेल "आणखी अर्धा तास". हा अर्धा तास बारवर वसूल होतो. सोबत कुणी मोठं, मानाचं माणूस असेल तर तांडेलाला त्याच्यापुढे बोलणं जड जातं. म्हणून निघण्याआधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवा की फिरायचं ते तांडेलाच्या शब्दावर.

आत येताना पुन्हा सगळे खाली बसलेले, सामान बांधलेलं, मुलं मध्ये. बार वाईट दिसला तर बाहेरच थांबून पाणी चढायची वाट बघता येते, म्हणूनच प्यायचं पाणी जास्त न्यायचं. तास-दोन तास बाहेर डोलत बसणं कंटाळवाणं असतं, पण त्याने काही बिघडत नाही.

धक्क्यावर उतरल्यावर थोडा वेळ जमीन हलल्यासारखी वाटेल, रात्री अंथरुणातही वाटेल. गरी, रीळ, चष्मा, जाकिटाची बक्कलं गोड्या पाण्याने धुऊन टाका. पण त्याआधी, धक्क्यावरूनच, ज्याला चिठ्ठी दिली होती त्याला फोन करून सांगा की आम्ही आलो.